सावकाश द्यायचं औषध

माझ्या नोकरीतलं बहुतेक काम मला आता आठवत नाही. तीस वर्षं लोकांच्या शिरा शोधल्या, सुया टोचल्या, चादरी बदलल्या, ताप मोजले. त्यातली माणसं एकमेकांत मिसळून गेली आहेत. बाजारात कोणी समोर येऊन "सिस्टर, ओळखलंत का?" म्हणालं की मी हो म्हणते, दोन शब्द बोलते आणि पुढे जाते. पण एका बाईचा उजवा हात मला बोटाबोटासकट आठवतो. त्या हाताबद्दल मी घरी कधी बोलले नाही. नवऱ्याला एवढंच माहीत आहे की एका उन्हाळ्यात मला झोप लागत नव्हती.

मी काम करते ते हॉस्पिटल आचोळ्यात, रेल्वेलाइनच्या पूर्वेला आहे. खाली दुकानं, वर दोन मजल्यांवर मिळून वीस खाटा. दिवसाच्या ड्यूटीला दोन नर्स, एक मावशी आणि एक डॉक्टर. डॉक्टर बहुधा नुकताच पास झालेला असतो, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करता करता काम करतो आणि वर्षभरात निघून जातो. मालक असलेले मोठे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राउंडला येतात. मी पश्चिमेकडून, आमच्या वाडीतून रोज येते. मी इथे आले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. वर्षभर करू, मग जवळ कुठेतरी बघू, असं ठरवलं होतं.

ती बाई आली तो एप्रिल होता. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. त्या आठवड्यात टँकरचं पाणी पिऊन निम्मी वस्ती आजारी पडली होती आणि आमच्या सगळ्या खाटा उलट्या-जुलाबांच्या पेशंटांनी भरल्या होत्या. दुसरी नर्स भावाच्या लग्नाला गेली होती, म्हणजे वीस खाटांना मी एकटी. शेजाऱ्याच्या गाडीतून बाईला आणलं. तिशीच्या पुढची, सडपातळ, साडीचा पदर ओढून घेतलेला आणि तोंडातून फेस. नवऱ्यानं तिला उचलून जिना चढवला होता. मागून सासू चपला हातात घेऊन आली.

"सकाळपासून तीन झाल्या," सासू म्हणाली. "एक झाली की शुद्धीवर येयाच्या आधी दुसरी. आमी तोंडात पानी घातलं, तर तेपन बाहेर."

"तोंडात काही घालायचं नाही, आजी," मी म्हटलं. हे वाक्य मी तोवर शेकडो वेळा बोलले असेन.

तिला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या. दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती म्हणून गोळ्या तिनं स्वतःच बंद केल्या होत्या. कारण मला नंतर कळलं. गास गावाच्या बाजूला त्यांची मोगऱ्याची बाग आहे. कळ्या उजाडायच्या आत खुडून झाल्या पाहिजेत, उन्हं आली की त्या उमलतात आणि मग बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. गोळ्यांनी तिला पहाटे जाग येत नसे. सासू हाका मारून थकायची. म्हणून फेब्रुवारीत, मोगऱ्याला कळ्या धरू लागल्या तेव्हा तिनं गोळ्या ट्रंकेत ठेवून दिल्या.

ती टेबलावर असतानाच चौथी फिट सुरू झाली. हात झटके देत होता, आणि त्या हातावर मला शीर शोधायची होती. कोपराच्या आतली शीर मोठी असते, पण कोपर वाकून घट्ट झालेला. मनगटाच्या वर, हाताच्या पाठीवर एक बारीक शीर दिसली आणि मी तिथे निळी कॅन्युला घातली. शिरेत घालून ठेवायच्या ह्या सुयांचे रंग ठरलेले असतात, हिरवी जाड, गुलाबी मध्यम, निळी बारीक. झटके थांबवायचं पहिलं इंजेक्शन त्यातूनच दिलं आणि ती शांत झाली. डॉक्टरनं घाम पुसला. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच अशी केस असावी.

"आता फेनिटॉइन लावू," तो म्हणाला, "परत फिट येऊ नये म्हणून. अर्ध्या तासात जाऊ दे, सिस्टर. घाई नको."

त्यानं बरोबर सांगितलं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. मी कुप्या फोडल्या, औषध शंभर मिलीच्या सलाईनमध्ये मिसळलं, बाटली लावली, थेंब मोजून नळीवरची चाकी बसवली. तिथपर्यंत मीही बरोबर होते.

हे औषध मुळात जहाल आहे. शिरेत भरभर गेलं तर बीपी पडतं, हृदयाचे ठोके बिघडतात. शिरेच्या बाहेर झिरपलं तर आतलं मांस भाजल्यासारखं होतं. म्हणून ते मोठ्या शिरेतून, सावकाश आणि कोणीतरी शेजारी बसून द्यायचं असतं. कॉलेजात हे आम्हाला शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण शेजारी बसायला माणूस लागतं, आणि त्या दुपारी ते माणूस नव्हतं.

दहा मिनिटांनी मी येऊन पाहिलं तर बाटली जवळजवळ होती तशीच. तिनं मनगट मुडपलं होतं, थेंब अडला होता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून एका म्हाताऱ्याचा मुलगा ओरडत आला, वडलांनी सलाईन ओढून काढलं होतं आणि चादर रक्तानं भिजली होती. मी तिचं मनगट सरळ केलं, अंगठ्यानं चाकी पूर्ण वर ढकलली आणि निघाले. मनात म्हटलं, पाच मिनिटांत परत येऊन कमी करते.

जाताना ती कण्हत होती. हात थोडा थोडा ओढून घेत होती. फिट येऊन गेल्यावर पेशंट असे कण्हतात, अर्धवट झोपेत काहीबाही बोलतात. मी सासूला म्हटलं, "हात हलवू देऊ नका, धरून ठेवा." सासूनं दोन्ही हातांनी तो धरून ठेवला.

मी परत आले तेव्हा वीस मिनिटं झाली होती आणि बाटली रिकामी होती.

बीपी तपासलं, ठीक होतं. नाडी ठीक होती. मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सासूनं मला बोलावलं. "सिस्टर, हिचा हात बगा." कॅन्युलाच्या भोवती जांभळट निळा डाग पडला होता. मी लगेच कॅन्युला काढली, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरला दाखवलं. माझी ड्यूटी संपेपर्यंत सूज बोटांपर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर हात मनगटाच्या वरपर्यंत काळा-जांभळा, मोजा चढवल्यासारखा. ती शुद्धीवर आली होती आणि भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मोठ्या डॉक्टरांनी सर्जनला बोलावून घेतलं. कापावं लागेल की काय अशी दोन दिवस भीती होती. तशी वेळ आली नाही. नाडी लागत होती, बोटं गरम होती. पण हाताच्या पाठीवरची कातडी गेली, आणि जखम भरता भरता मधली तीन बोटं आखडली.

मोठे डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "ह्या औषधानं क्वचित असं होतं. सगळं नीट केलं तरी एखाद्याला होतं."

हे खोटं नव्हतं. नंतर मी पुस्तकातही वाचलं, तसंच लिहिलेलं होतं. नीट दिलं तरी कधी कधी होतं. पण नीट दिलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नवऱ्यानं मान हलवली. तो डॉक्टरांचे आभार मानून बाहेर गेला, कारण बायको वाचली होती.

पुढे दीड महिना ती एक दिवसाआड ड्रेसिंगला येत होती. सासू सोबत असायची, ती खाली दुकानाच्या पायरीवर बसायची, तिला जिना नको वाटे. वर सून एकटी यायची, टेबलावर हात ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. मी पट्टी सोडायची, गॉज सलाईननं भिजवून हळू हळू उचलायची. पहिले काही दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा मी विचारलं, "बागेत काम सुरू केलं का?"

"डाव्या हातानं खुडते," ती म्हणाली. "सासू दोन रांगा करते तोवर माझी अर्धी होते."

"सवय होईल हळूहळू."

"डाव्या हाताला कली कळत नाही, सिस्टर. उजव्या हाताला न बघता कळायची. उद्याची कुटली, आजची कुटली. अंधारात बोटं आपोआप जायची." तिनं पट्टीबाहेर आलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "आता बॅटरी लावून बगते."

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. आई तेव्हा होती. तिला वाटलं मला ताप आहे. तिनं कपाळाला हात लावून पाहिलं आणि ताट झाकून ठेवलं. रविवारी मिस्साला गेल्यावर मी फादरांकडे कुमसार करायला गुडघे टेकले, म्हणजे पापं कबूल करायला. सगळं सांगितलं. फादरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तू मला सांगितलंस. तिला सांगितलंस का?"

मी पुढच्या खेपेला तिला सांगितलं. गॉज उचलता उचलता, वर न बघता. म्हटलं, "त्या दिवशी ते औषध अर्ध्या तासात द्यायचं होतं. मी चाकी पूर्ण उघडून गेले. परत यायला उशीर झाला. आणि शीरही बारीक होती. त्यामुळेच झालं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण त्यामुळे झालेलं असू शकतं."

बाहेर रिक्षावाल्यांची कशावरून तरी वादावादी चालली होती.

"मला जलत होतं," ती म्हणाली. "निखारा ठेवल्यासारकं. मी सांगत होते, हात जलतो, हात जलतो. माझं बोलनं मला ऐकू येत होतं. मला वाटायचं मी मोठ्यानं बोलते. आनि आई हात धरून बसलेल्या."

"मीच त्यांना धरायला सांगितलं होतं."

"हां," ती म्हणाली.

मी पट्टी बांधली. ती उठून गेली. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिनं मावशीला सांगितलं की दुसरी सिस्टर असेल तर तिच्याकडून करून घेते. दुसरी नर्स लग्नाहून केव्हाच परत आली होती. चार ड्रेसिंग तिनं केली. मी त्या वेळेला वरच्या मजल्यावर काम काढायची. पाचव्या वेळी ती पुन्हा माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

"ती पट्टी सुकीच ओढते," ती म्हणाली. "तुम्हीच करा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. जखम भरली, ड्रेसिंग संपली, ती यायची बंद झाली. गोळ्या मात्र तिनं पुन्हा सुरू केल्या आहेत, एवढं सासू जाताना सांगून गेली. मोठ्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती, तिनं झोप कमी यायची.

तिच्या केसपेपरवर काय लिहिलं गेलं ते मी पाहिलं होतं. 'औषधाची प्रतिक्रिया.' मी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि झालं ते सांगितलं. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही एकट्या होता. दुसरी नर्स मी द्यायला हवी होती." मग फोन वाजला आणि त्यांनी तो घेतला. दुसरी नर्स नसेल तेव्हा बाहेरून एक बोलवायची, असं त्यानंतर ठरलं. दीडेक वर्ष ते पाळलं गेलं.

मी एक कागद लिहिला आणि इंजेक्शनच्या कपाटाला आतून चिकटवला. फेनिटॉइन हाताच्या पाठीवरून देऊ नये, कोपराजवळची मोठी शीर आणि गुलाबी किंवा हिरवी कॅन्युला घ्यावी. आधी साधं सलाईन सोडून शीर नीट चालू आहे ना ते बघावं. फक्त साध्या सलाईनमध्येच मिसळावं, ग्लुकोजमध्ये कधीही नाही. आयत्या वेळी मिसळावं, उजेडाला धरून बघावं, गढूळ दिसलं तर फेकून द्यावं. घड्याळ लावून द्यावं, शेजारी बसावं, बीपी आणि ठोके बघत राहावं. संपल्यावर पुन्हा सलाईन सोडावं. आणि सगळ्यात खाली मी लिहिलं, पेशंट कण्हला तर हात बघा. त्याला बोलता येत नसेल.

भिंतींना रंग लावताना कपाटही रंगवलं आणि कागद गेला. मी पुन्हा लिहिला. पुढे कपाटच बदललं. मी पुन्हा लिहिला. नर्सही बदलत राहिल्या. जव्हारची आली, पालघरची आली, केरळची एक आली ती सगळ्यांत हुशार होती, आठ महिन्यांत कुवेतला गेली. प्रत्येकीला मी तेच दाखवते. पहिल्या दिवशी त्या ऐकतात, दुसऱ्या दिवशी वहीत लिहून घेतात, तिसऱ्या आठवड्यात म्हणतात, "हो सिस्टर, माहितीये सिस्टर." त्यांचा दोष नाही. वीस खाटांना दोन बायका पुऱ्या पडत नाहीत. माझं बोलणं मलाच कंटाळवाणं वाटतं.

एकदा एका नव्या मुलीनं फेनिटॉइन ग्लुकोजच्या बाटलीत मिसळलं. मी योगायोगानं खोलीत होते. बाटलीत भाताच्या पेजेसारखं पांढरट झालं होतं. मी नळी पेशंटला जोडू दिली नाही. ती मुलगी रडायला लागली. मी तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मीही एकदा चुकले होते. तू वाचलीस, पेशंटही वाचला. आता तोंड धू आणि नवीन बाटली घेऊन ये." माझं काय चुकलं होतं ते तिला ऐकायचं नव्हतं, आणि मला त्या दिवशी सांगायची ताकद नव्हती.

एका डॉक्टरनं माझी तक्रारही केली होती. खाली ॲम्ब्युलन्स उभी होती, पेशंटला फेनिटॉइन देऊन मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं होतं, आणि तो म्हणाला, "सिस्टर, सरळ पुश करून टाका. पाच मिनिटांत निघायचंय."

"एवढा डोस पाच मिनिटांत देत नाहीत, डॉक्टर."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही तसं लिहून द्या, आणि तुम्हीच द्या. मी देणार नाही."

त्यानं दोन्ही केलं नाही, मग मीच ते सावकाश दिलं. ॲम्ब्युलन्स पंचवीस मिनिटं थांबली. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं आणि थोडं हसून म्हणाले, "हल्ली तुम्ही सगळं सावकाश करता असं म्हणतात." मी म्हटलं, वय झालं. खरं म्हणजे बाकी सगळं मी अजूनही पळतच करते.

ती बाई पुन्हा आली ती गेल्या वर्षी, मधे आठेक वर्षं गेली होती. पावसाळा संपत आला होता, सकाळचे अकरा वाजले होते. दोन दिवस ताप होता, काही खाल्लं की उलटून पडत होतं, त्यात गोळ्याही पोटात राहत नव्हत्या. मग फिट सुरू झाल्या. नवरा आणि मुलगी घेऊन आले. सासू मधल्या काळात वारली होती. मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, केस बरेच पिकले होते. चादरीवर पडलेला उजवा हात पाहिला आणि ओळखलं. पाठीवर ताणलेली तुकतुकीत कातडी, मधली तीन बोटं अर्धी मिटलेली.

पहिल्या इंजेक्शननं फिट थांबली. मी ह्या वेळी डाव्या हाताला, कोपराजवळ शीर घेतली होती. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण मुलगी होती, लातूरकडची, शांत स्वभावाची. तिनं केसपेपरवर लिहायला सुरुवात केली. मी तिच्या हाताखालचा कागद वाचला.

"मॅडम, हिला फेनिटॉइन नको," मी म्हटलं.

"का?"

मी तिला पेशंटचा उजवा हात उचलून दाखवला. "ह्यानं झालं आहे. ह्याच हॉस्पिटलमध्ये. मी दिलं होतं."

तिनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जुनी फाइल तळघरात कुठेतरी गठ्ठ्यात होती, ती शोधायला वेळ नव्हता. मला वाटलं ती विचारत बसेल. तिनं लिहिलेलं खोडलं आणि म्हणाली, "लेव्हेटिरासिटाम देऊ. आहे का आपल्याकडे?"

आमच्याकडे एकच कुपी होती. खालच्या मेडिकलमधून नवऱ्यानं बाकीच्या आणल्या, धावत जिना चढून. हे औषध शिरेला तितकं जाळत नाही, पण तेही सलाईनमध्ये मिसळून, पंधरा मिनिटं घेऊन द्यावं लागतं. मी बाटली लावली, स्टूल ओढलं आणि बसले.

दोन वेळा मावशी येऊन सांगून गेली की सहा नंबरचं सलाईन संपलंय. एक नातेवाईक दारात उभा राहून मोठ्यानं म्हणाला की इथे सिस्टर लोक बसून राहतात. मी थेंब मोजत होते. खाटेच्या पलीकडे तिची मुलगी उभी होती, पंधरा-सोळा वर्षांची, कॉलेजच्या युनिफॉर्ममध्ये. मी तिला म्हटलं, "आईचा सलाईनचा हात नुसता हातात घे. घट्ट धरू नकोस. तिनं ओढला तर मला सांग."

"ओढला तर काय होईल?"

"काही नाही. आपण बघू तिला काय होतंय ते."

तिनं हात ओढला नाही. मधे बीपी जरासं उतरलं, डॉक्टर येऊन बघून गेली, मग ते आपोआप वर आलं. पंधरा मिनिटांची वीस झाली. बाटली संपल्यावर मी सलाईन सोडलं, कॅन्युलाची जागा दाबून पाहिली, मऊ होती. मग सहा नंबरकडे गेले. तिथे मला बोलणी खावी लागली, ती मी खाल्ली.

संध्याकाळी ती पूर्ण शुद्धीवर आली. मी ताप बघायला गेले तर ती माझ्याकडे एकटक बघत होती.

"तुम्ही अजून हितंच?" तिनं विचारलं.

"इथेच."

"म्हाताऱ्या झालात."

"तूही झालीस," मी म्हटलं. पूर्वी मी तिला तुम्ही म्हणायची, ते त्या क्षणी विसरले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पोरगी सांगत होती, तुम्ही उठला नाहीत म्हनून." मग डोळे मिटून पडली. मीही थर्मामीटर झटकून खिशात ठेवला. एवढ्यानं जुनं काही फिटतं असं मला वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिच्या बागेतला मोगरा आता कमी केला आहे, असं नवऱ्याकडून कळलं. अर्ध्या जागेत त्यांनी केळी लावली, केळींना बोटांचं नाजूक काम लागत नाही. त्यात माझा वाटा किती आणि दिवस बदलल्याचा किती, हे मोजायचा मी प्रयत्न करत नाही.

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. मुलीनं माझ्याकडून एक कार्ड लिहून घेतलं, आईला फिटचा आजार आहे, कोणतं औषध शिरेतून द्यायचं नाही, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मी मराठीत लिहिलं. "हिंदी आणि इंग्लिशमध्येपण द्या ना," ती म्हणाली, "कुठल्या हॉस्पिटलला न्यावं लागेल काय माहीत." माझं हिंदी तिनंच सुधारलं. आईच्या पर्समध्ये एक, बाबांच्या पाकिटात एक आणि स्वतःच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये एक, अशी तीन कार्डं करून ठेवणार असल्याचं तिनं मला सांगितलं.

मुलगी आणि नवरा औषधं आणायला खाली गेले. ती खाटेवर पाय सोडून बसली होती, तीन दिवसांच्या झोपण्यानं केसांचा गुंता झालेला. उजव्या हातानं तिला अंबाडा घालता येत नाही, रोज मुलगी घालते, असं ती म्हणाली. मला पाच मिनिटं होती. मी तिच्याच पिशवीतून फणी काढली आणि तिच्या मागे उभी राहिले. गुंता सोडवायला वेळ लागला. ती मान सैल सोडून बसली होती आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्यानं मेथीचा काय भाव लावलाय ते ऐकत होती.

"ह्या दिवसांत मेथी कडू असते," ती म्हणाली.

"घेऊ नको मग," मी म्हटलं, आणि पिना दातात धरून अंबाडा घातला.